भुंगेरे गोळा करणारा मुलगा : सर मॅकफार्लेन बर्नेट

हवा पालटली की आपल्या वर्गांची हजेरी रोडावते. एका बाकावर शिंका सुरू झाल्या की चार दिवसांत अख्खी रांग रुमाल नाकाला लावून बसते. पालकांच्या चिठ्ठ्या येतात आणि बहुतेक चिठ्ठ्यांत कारण एकच असते, फ्लू. मग पालक सभेत तीन ठरलेले प्रश्न निघतात. मागच्या वर्षी फ्लू होऊन गेला होता, मग पुन्हा कसा झाला? गोवराची लस लहानपणीच देऊन होते, मग फ्लूची दर वर्षी कशाला? आणि ताप चढतो तेव्हा शरीर हरत असते की लढत असते?

आम्ही काही डॉक्टर नाही. पण या सदरासाठी ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ सर फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांचे चरित्र वाचत असताना या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हाला एकाच माणसाच्या आयुष्यात सापडत गेली. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ट्रॅरलगन या लहानशा गावी झाला. वडील स्कॉटलंडहून येऊन तिकडे स्थायिक झालेले, बँकेत मॅनेजर. सात भावंडांत हे दुसरे. घरात त्यांना मॅक म्हणत. थोरल्या बहिणीची बौद्धिक वाढ नीट झाली नव्हती आणि आईचा बहुतेक वेळ तिचे करण्यात जाई. त्यामुळे मॅक बराचसा एकटाच वाढला. १९०९ मध्ये वडिलांची बदली टेरँग या गावी झाली. तिथे तळी होती, दलदल होती, पक्षी होते आणि मुख्य म्हणजे भुंगेरे होते. घरच्या ज्ञानकोशात भुंगेऱ्यांवरचा लेख वाचून या मुलाने भुंगेरे जमवायला सुरुवात केली. कोणता कुठे सापडला, दोघांत फरक काय, याच्या नोंदी ठेवल्या. हा छंद त्यांनी पुढेही सोडला नाही.

शिष्यवृत्ती मिळवून ते जिलाँग कॉलेज या निवासी शाळेत गेले. तिथली बहुतेक मुले श्रीमंत घरची आणि खेळात तरबेज. मॅक पुस्तकात डोके घालून बसणारा, मैदानावर मागे पडणारा, बोलायला बुजणारा. शाळेतले ते दिवस त्यांना फारसे सुखाचे गेले नाहीत. आपल्याही वर्गात असा एखादा विद्यार्थी असतो. शिक्षकांनी आणि मित्रांनी त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

१९१७ मध्ये त्यांनी मेलबर्न विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. त्यानंतर वर्षभरातच जगात फ्लूची भयंकर महासाथ आली. आपल्याकडे जुन्या पिढीने तिला मानमोडी म्हटले. मुंबई बंदरात ती जून १९१८ मध्ये शिरली आणि देशभर पसरली. एकट्या भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियाने जहाजे बंदराबाहेर थोपवून धरली, तरी १९१९ मध्ये साथ तिथेही पोहोचलीच. एवढी माणसे मेली, पण मारणारा कोण हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. बहुतेकांचा संशय एका जीवाणूवर होता आणि तो संशय चुकीचा होता. खरा गुन्हेगार साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसेल एवढा मोठाच नव्हता.

बर्नेट १९२२ मध्ये डॉक्टर झाले. रोग्यांवर उपचार करावेत ही त्यांची इच्छा होती, परंतु रुग्णालयातल्या वरिष्ठांचे मत पडले की या अबोल तरुणाला प्रयोगशाळाच अधिक मानवेल. ते मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत आले आणि तिथेच त्यांचे आयुष्य गेले म्हणायला हरकत नाही. मधली १९२५ ते १९२७ ही वर्षे त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत काढली व जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर काम करून पीएच. डी. मिळवली.

ते परतले आणि १९२८ च्या जानेवारीत क्वीन्सलंडमधील बंडाबर्ग या गावी मोठी दुर्घटना घडली. घटसर्पाची लस टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले दगावली. देशभर आक्रोश झाला. चौकशीसाठी हॉल संस्थेला पाचारण करण्यात आले आणि प्रयोगशाळेचे काम बर्नेट यांच्याकडे आले. लसीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते. त्याच बाटलीतून पुन्हा पुन्हा लस काढताना तीत स्टॅफिलोकॉकस हे जीवाणू शिरले आणि उष्ण हवेत वाढले, असे दिसून आले. म्हणजे दोष लस देण्याच्या कल्पनेत नव्हता, ती हाताळण्यात होता. या जीवाणूच्या विषाचा अभ्यास करताना, शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे कशी तयार करते हा प्रश्न बर्नेट यांच्या मनात घर करून बसला.

१९३२ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि नेमके योग्य वेळी योग्य जागी पोहोचले. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथमच वेगळा केला. त्यासाठी त्यांनी मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्याला आजारी पाडले होते. पण फेरेट पाळणे खर्चाचे आणि कटकटीचे. विषाणू तर जिवंत पेशीखेरीज कशातही वाढत नाही. मग त्याला वाढवायचे कशात?

बर्नेट यांनी कोंबडीचे अंडे हाती घेतले. अंड्यात विषाणू वाढवण्याची युक्ती अमेरिकेत १९३१ मध्ये निघाली होती. तिला पक्के रूप देण्याचे मोठे काम बर्नेट यांनी केले. पिलू वाढत असलेल्या अंड्याच्या कवचाला बारीक छिद्र पाडायचे, सुईने विषाणू आत सोडायचा, छिद्र बुजवायचे आणि अंडे उबवणीच्या पेटीत ठेवायचे. दोन-तीन दिवसांत त्या एका अंड्यात कोट्यवधी विषाणू तयार होतात. फ्लूची बरीचशी लस आजही कोंबडीच्या अंड्यातच तयार होते, हे वाचून आम्हाला नवल वाटले.

आता हा विषाणू पेशीत जाऊन करतो काय, ते पाहू. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारच्या प्रथिनांचे काटे असतात. पहिल्याला हिमॅग्लुटिनिन म्हणतात. आपल्या नाकातल्या, घशातल्या व श्वासनलिकेतल्या पेशींवर सायालिक आम्ल नावाच्या शर्करेची टोके असतात, त्यांना हा काटा चिकटतो. पेशी फसते आणि विषाणूला पिशवीत घालून आत घेते. आत त्या पिशवीतले पाणी आम्लधर्मी होते आणि तेवढ्याने काट्याचा आकार बदलतो. विषाणूचे आवरण पिशवीशी एकजीव होते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. हा ऐवज म्हणजे आरएनएचे आठ तुकडे. ते पेशीच्या केंद्रकात जातात आणि पेशीची सगळी यंत्रणा स्वतःच्या नकला काढायला लावतात. काही तासांतच नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर कोंबासारखे फुटू लागतात. पण तेही त्याच शर्करेला चिकटून अडकून पडतात. तिथे दुसरा काटा, न्यूरामिनिडेज, कात्रीसारखा चालतो, शर्करा कापतो आणि विषाणूंना मोकळे करतो. मग पुढची पेशी, आणि शिंक आली की पुढचा माणूस.

या कात्रीचा माग काढण्यात बर्नेट यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतो, हे अमेरिकेत हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखवले होते. बर्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे आढळले की पटकीच्या जीवाणूपासून मिळणारे एक द्रव्य रक्तपेशींना लावले तर विषाणू त्यांना चिकटतच नाही. विषाणू जी जागा पकडतो, ती जागाच या द्रव्याने साफ होत होती. त्याच संस्थेतील गॉटशाल्क यांच्या अभ्यासातून पुढे विषाणूची ही कात्री आणि तिने कापली जाणारी शर्करा, दोन्ही स्पष्ट झाल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूत टॅमिफ्लू हे नाव घरोघरी पोहोचले होते. ते औषध याच कात्रीची धार बंद करते.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा १९१८ सारखी साथ येईल अशी सगळ्यांना धास्ती होती. बर्नेट यांनी विषाणू अंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि नाकातून देण्याची जिवंत लस तयार केली. सुरुवातीला थोड्या सैनिकांवर चांगला परिणाम दिसला. मोठ्या चाचणीत मात्र अपेक्षेप्रमाणे संरक्षण मिळाले नाही आणि युद्ध संपता संपता ते काम थांबले. दहा वर्षांच्या मेहनतीचे फळ हाती आले नाही. १९४४ मध्येच ते संस्थेचे संचालक झाले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले. विज्ञानाच्या मोठ्या केंद्रांपासून समुद्र ओलांडून दूर असलेल्या आपल्या शहरातच जगाच्या तोडीचे काम होऊ शकते, यावर त्यांचा विश्वास होता. मूळ प्रदेशापासून दूर राहून आपली शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जवळची वाटावी.

विषाणूची बाजू बरीच कळली होती. आता प्रश्न शरीराच्या बाजूचा होता. शरीर परक्याला ओळखते कसे? आणि स्वतःवर हल्ला का करत नाही? अमेरिकेत ओवेन यांनी १९४५ मध्ये जुळ्या वासरांची एक मौज नोंदवली होती. गर्भात असताना ज्यांचे रक्त एकमेकांत मिसळले, अशी वासरे मोठेपणीही दोन प्रकारचे रक्त बाळगतात आणि परके रक्त नाकारत नाहीत. यावरून बर्नेट यांनी फेनर यांच्यासह १९४९ च्या आपल्या पुस्तकात मांडले की आपले कोण आणि परके कोण हे शरीर जन्मतःच शिकून येत नाही. गर्भावस्थेत जे जे भेटते त्याला ते आपले मानते. अंड्यातल्या पिलांना विषाणू टोचून हे सिद्ध करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण प्रयोग फसला. इंग्लंडमध्ये मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदरांवर ते यशस्वीपणे दाखवले. १९६० चे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावर यांना मिळून मिळाले.

पण बर्नेट स्वतः आपले सर्वांत मोठे काम दुसरेच मानत. त्यासाठी किल्ल्या बनवणाऱ्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. त्या काळी शास्त्रज्ञांना वाटे की जंतू आला की शरीर त्याच्या आकाराबरहुकूम प्रतिपिंड घडवते. म्हणजे कुलूप पाहून किल्ली कानशीने घासायची. बर्नेट यांनी १९५७ मध्ये म्हटले की तसे नाही. दुकानात असंख्य निरनिराळ्या किल्ल्या आधीपासूनच टांगलेल्या आहेत. प्रत्येक पांढऱ्या पेशीकडे एकच किल्ली. जंतू आला की ज्या पेशीची किल्ली त्याला लागते तीच पेशी वाढू लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा हजारो होतात. ज्या किल्ल्या आपल्याच घराच्या कुलपांना लागतात त्या आधीच काढून टाकल्या जातात. अशाच प्रकारची कल्पना अमेरिकेत टॅल्मेज यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, आणि डेन्मार्कच्या येर्न यांनी दोन वर्षे आधी त्या दिशेने पाऊल टाकले होते. बर्नेट यांनी आपला निबंध मुद्दाम ऑस्ट्रेलियातल्याच एका साध्या नियतकालिकात छापला. बरोबर ठरला तर अग्रहक्क आपला, चूक ठरला तर जगात फारसा गाजावाजा नाही, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता! पुढच्याच वर्षी त्यांच्याच संस्थेत नॉसल आणि लेडरबर्ग यांनी एका पेशीकडून एकच प्रतिपिंड मिळते असा पुरावा दिला.

या कल्पनेने शरीरातल्या लढाईचा क्रम समजतो. विषाणू शिरताच बाधित पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारणींना सावध करते. हे द्रव्य १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी फ्लूच्याच विषाणूवर काम करताना शोधले. त्यातले आयझॅक्स पूर्वी मेलबर्नला बर्नेट यांच्याकडे शिकून गेलेले. इंटरफेरॉन आणि त्याच्यासारखी इतर द्रव्ये रक्तात पसरली की अंग दुखते, ताप चढतो. तोवर योग्य किल्लीच्या पेशींची शोधाशोध व वाढ चालू असते, आणि तिला आठवडाभर तरी लागतो. मग काही पांढऱ्या पेशी बाधित पेशींना ठार करतात, काही प्रतिपिंडे सोडतात. प्रतिपिंडे विषाणूच्या काट्यांना चिकटून बसली की त्याला पेशीत शिरता येत नाही. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या आठवण राखून मागे उरतात. तोच शत्रू पुन्हा आला तर त्या फार लवकर तयार होतात.

मग फ्लू पुन्हा का होतो? कारण शत्रू तोच राहत नाही. आरएनएच्या नकला काढताना चुका होतात आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय या विषाणूकडे नाही. काट्याचा आकार थोडा थोडा बदलत जातो आणि जुनी किल्ली नीट लागत नाही. शिवाय एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर त्यांच्या आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवाच विषाणू जन्मतो. दोन फ्लू विषाणूंचे गुण असे एकत्र येऊ शकतात हे बर्नेट आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया लिंड यांनी १९५१ च्या सुमारास दाखवले होते. तुकड्यांची गोष्ट तर पुढे कळली. १९५७, १९६८ आणि २००९ च्या महासाथी अशाच अदलाबदलीतून आल्या. गोवराचा विषाणू आपला चेहरा असा बदलत नाही, म्हणून त्याची लस लहानपणी दिली की पुरते. फ्लूच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे हे मात्र जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा ठरवावे लागते.

१९५७ मध्ये बर्नेट ५८ वर्षांचे झाले. फ्लूच्या अभ्यासात त्यांचे नाव जगभर झालेले. अशा वेळी त्यांनी आपल्या संस्थेचे काम विषाणूंकडून प्रतिकारशक्तीकडे वळवायचे ठरवले. काही विषाणूशास्त्रज्ञ संस्था सोडून गेले. ज्या कामाने नाव दिले ते बाजूला ठेवणे सोपे नसते. आम्हाला त्यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. प्रश्न जिकडे गेला तिकडे ते गेले.

मोठी माणसेही चुकतात, तेही सांगितले पाहिजे. १९७० च्या सुमारास बर्नेट यांना वाटू लागले होते की संसर्गजन्य रोगांत आता नवे फारसे घडणार नाही. दशकभरातच एड्स आला आणि २०२० मध्ये कोविडने आपली शाळासुद्धा बंद ठेवायला लावली. त्याहून गंभीर गोष्ट १९९८ मध्ये उघड झाली. १९४७ मध्ये त्यांनी आपल्या सरकारला गुप्त सल्ला देताना आशियातील दाट वस्तीच्या देशांविरुद्ध जैविक अस्त्रांचा विचार करण्याची शिफारस केली होती. ज्ञान मोठे असले तरी ते वापरणाऱ्याचे मनही मोठे असावे लागते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. याच माणसाने १९५१ मध्ये सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू माणसाला अपायकारक नाही हे जनतेला पटावे म्हणून दोन सहकाऱ्यांसह तो स्वतःला टोचून घेतला होता, आणि सिगारेट सोडून देऊन तंबाखूविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला होता. माणूस एकाच रंगाचा नसतो.

बर्नेट १९६५ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी पोर्ट फेअरी येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सरकारी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला.

नाकातून जिवंत लस देण्याची त्यांची कल्पना मात्र वाया गेली नाही. पुढे दुसऱ्या देशांतील शास्त्रज्ञांनी तिला यश मिळवून दिले. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि तिथल्या शाळा बंद झाल्या. तेव्हा त्याच पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने काम हाती घेऊन २०१० मध्ये नाकात फवारायची जिवंत लस बाजारात आणली. तीही कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेली.

तेव्हा पालकहो, पुढच्या सभेत हे प्रश्न आले तर आमचे उत्तर तयार आहे. फ्लू पुन्हा होतो कारण चोर वेश बदलून येतो. लस दर वर्षी घ्यायची कारण नव्या कुलपाला नवी किल्ली लागते. आणि ताप म्हणजे बहुधा शरीर लढत असल्याची खूण असते. तरीही ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, घरात लहान बाळ वा वृद्ध माणूस आजारी असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आजारी मुलाला घरी ठेवावे. हजेरी पुढच्या आठवड्यात भरून निघेल.

आणि विद्यार्थी मित्रहो, मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला एखादा भुंगेरा दिसला तर त्याला चिरडू नका. जरा वाकून पाहा.